शेततळ्यातले परजीवी: कोणते माशाचे, कोणते माणसाचे?

मृगाच्या सरी पडल्या की शिरढोणच्या आसपासचे ओढे वाहू लागतात आणि भातखाचरांत चढणीचे मासे दिसू लागतात. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. समुद्राची ताजी मासळी बाजारात कमी होते, भाव चढतात. मग पनवेल तालुक्यातल्या घरांत वलगणीचे मासे, मरळ, वाम, मुठे आणि सुकट यांची चलती होते. शेततळी भरतात, मत्स्यबीज सोडण्याची घाई सुरू होते. अशात मासा चिरताना पोटात पांढरा दोरा किंवा मांसात पिवळा दाणा दिसला, की घरात वाद ठरलेला: हा मासा खायचा की फेकायचा?

डोळ्यांना दिसणारे बहुतेक किडे माशाचे शत्रू असतात, माणसाचे नव्हेत. माणसाला खरा अपाय करणारे काही जंत मात्र इतके बारीक असतात की साफ करणाऱ्याला ते दिसतच नाहीत. म्हणून नुसत्या नजरेवर भिस्त ठेवून चालत नाही.

दिसणारे किडे

रोहू-कटला पाळणाऱ्यांना माशाची ऊ, म्हणजे आर्ग्युलस, चांगली ओळखीची असते. डाळीच्या दाण्याएवढी, चपटी, जवळजवळ पारदर्शक. ती खवल्यांना चिकटून रक्त शोषते. मासा काठावर अंग घासतो, पाण्याबाहेर उसळतो, अंगावर लाल चट्टे पडतात आणि वाढ खुंटते. माणसाला तिच्यापासून धोका नाही, पण शेतकऱ्याच्या उत्पन्नाला आहे. ही ऊ अंडी घालते ती दगड, खुंट, बांबू अशा टणक जागी. याचाच फायदा घेता येतो: तळ्यात जागोजागी बांबू रोवावेत, आठवड्याने बाहेर काढून अंडी खरवडावीत आणि बांबू कडकडीत वाळवून पुन्हा लावावेत. भातावरचे कीटकनाशक अंदाजाने तळ्यात ओतणे मात्र महागात पडते. मासे मरतात आणि वाचलेल्यांच्या मांसात औषधाचा अंश राहू शकतो. औषध द्यायचेच असेल, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या सल्ल्यानेच.

मांसातला पिवळा दाणा ही वेगळी गोष्ट. मरळ चिरताना कल्ल्याजवळ किंवा मांसात तांदळाच्या कणीएवढी पिवळसर गाठ सापडते. सुईने फोडली तर आतून चपटा जंत वळवळत बाहेर येतो. हा क्लिनोस्टोमम. त्याचे प्रौढ रूप बगळ्याच्या तोंडात आणि घशात राहते. बगळा पाण्यात चोच घालतो, अंडी पाण्यात पडतात, पिल्ले गोगलगाईत वाढतात, तिथून माशात जातात आणि मासा खाणाऱ्या बगळ्याकडे परततात. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य हाकेच्या अंतरावर असल्याने या भागातल्या तळ्यांवर बगळे येणारच. त्यांना इजा न करता तळ्यावर जाळी किंवा दोऱ्या ताणाव्यात. जपान आणि कोरियात गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाल्ल्याने हा जंत माणसाच्या घशाला चिकटल्याच्या नोंदी आहेत. गाठी असलेला भाग काढून मासा नीट शिजवला, तर तो धोका उरत नाही.

वाम किंवा मागूरच्या आतड्यात दिसणाऱ्या पट्टकृमींचा महाराष्ट्रात बारकाईने अभ्यास झाला आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले शिंदे आणि जाधव यांनी अशा अनेक नव्या जातींचे वर्णन केले. १९८० साली त्यांनी नोंदवलेल्या एका जातीला गोदावरीवरून ‘सेंगा गोदावरी’ हे नाव मिळाले. हे जंत आतड्यातच असतात. आतडी काढून टाकली की तेही गेले.

न दिसणारे जंत

ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशाची ‘कोई प्ला’ नावाची कोशिंबीर आवडीने खाल्ली जाते. त्या माशांच्या मांसात ऑपिस्थॉर्किस या यकृतकृमीची सूक्ष्म पिल्ले असतात. ती पित्तनलिकेत वर्षानुवर्षे राहतात आणि तिथे कर्करोगाला कारण ठरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या जंताला कर्करोगजनक ठरवले. त्याची अंडी माणूस, कुत्रा किंवा मांजर यांच्या विष्ठेतून पाण्यात येतात, गोगलगाय ती गिळते आणि पुढे मासा बाधित होतो.

विष्ठा किंवा लघवी, गोगलगाय आणि पाणी यांची साखळी कोकणातही जुळलेली आहे. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात शिस्टोसोमियासिसचे रुग्ण नोंदवले. या रोगात लघवीतून रक्त जाते. त्याचा जंत माशातून येत नाही. गोगलगाईतून निघालेली पिल्ले पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. त्यामुळे तळ्याच्या काठी शौच नको आणि काठावर गवत-शेवाळ माजू देणेही नको, ही शिकवण मत्स्यशेतीलाही तितकीच लागू आहे.

पावसाळ्यात मुठ्यांकडे विशेष लक्ष हवे. गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून पॅरागोनिमस हा फुप्फुसातला जंत माणसात येतो. मणिपूरमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून असे रुग्ण नोंदवले गेले. खोकला, थुंकीतून रक्त अशी लक्षणे असल्याने क्षयाचे निदान होते आणि औषधे घेऊनही गुण येत नाही. आपल्याकडे खेकडा शिजवूनच खातात, पण नांग्या-पाय ठेचून रस काढण्याची पद्धत आहे. सार उकळते तेव्हा त्यातली पिल्ले मरतात. पाटा, मिक्सरचे भांडे, गाळणे आणि हात मात्र तसेच राहतात. त्याच पाट्यावर लगेच चटणी वाटू नये. भांडी साबणाने घासून गरम पाण्याने धुवावीत. ताप-खोकल्यावर उपाय म्हणून कच्चा रस मुलांना कधीच पाजू नये. कोरियात गोवरावर कच्च्या चिंगाटीचा रस पाजण्याच्या रिवाजातून हा रोग मुलांपर्यंत पोचला होता.

समुद्री माशांतला अ‍ॅनिसाकिस माणसाला अपाय करतो, पण तो मात्र साध्या डोळ्यांना दिसतो: आतड्यांवर गुंडाळलेला पांढरा दोरा. १९६० साली नेदरलँड्समध्ये कच्चे हेरिंग खाणाऱ्यांत तो प्रथम ओळखला गेला. मासा मेल्यावर हे जंत आतड्यांतून मांसात सरकतात, म्हणून मासा आणल्याबरोबर पोट साफ करावे. काहींना जंत मेल्यावरही त्याची अ‍ॅलर्जी येते. नवी मुंबईच्या हॉटेलांत सुशी मागवणाऱ्यांनी मासा आधी गोठवलेला आहे का, हे विचारून घ्यावे. अमेरिकेच्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस ठेवावा लागतो. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर त्यासाठी विसंबू नये.

या हंगामात काय करावे

तळे कोरडे असेल, तर बीज सोडण्यापूर्वी गुंठ्याला सुमारे अडीच किलो चुना पसरावा. शेण टाकायचे तर कुजलेले टाकावे. शौचालयाचे पाणी तळ्याकडे वळू देऊ नये. बोटुकली आणल्यावर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात मिनिटभर बुडवून मगच सोडावी. मासे कलंडू लागले तर लगेच बाहेर काढावेत. काठावरच्या गोगलगाई हाताने वेचाव्यात. माशांची आतडी कुत्र्या-मांजरांना कच्ची न घालता खोल पुरावीत.

स्वयंपाकात लिंबू, आगळ, मीठ-हळद यांनी जंत मरतो असे धरू नये. तुकड्याच्या आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे. मधला भाग अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज सुटला, म्हणजे मासा शिजला. शेतात निखाऱ्यावर भाजलेले मासे आणि मुठे बाहेरून करपतात, पण आत कच्चे राहतात. ते फोडून बघावेत. कच्चा मासा किंवा खेकडा खाल्ल्यानंतर पोटदुखी, कातडीखाली सरकणारी सूज, दृष्टीचा त्रास किंवा न थांबणारा खोकला झाला, तर डॉक्टरांना काय आणि कधी खाल्ले ते आपणहून सांगावे. यकृतकृमी आणि फुप्फुसातला जंत यांवर प्राझिक्वांटेल हे औषध आहे, पण ते तपासणीनंतर डॉक्टरांनीच द्यायचे असते.