व्हिडिओ अडखळतो? आधी वायर बघा, मग कर्ज मागा



दिवाळीनंतर महिनाभर मी मुंबईला, कांजूरमार्गला माझ्या नणंदेकडं राहून आले. स्टेशनच्या पूर्वेला चाळीत त्यांची खोली आहे. त्याही तिथल्या बचत गटाच्या सचिव आहेत. गटातल्या दहा-अकरा जणी त्यांच्याच घरी जमतात आणि मसाल्याचं, पॅकिंगचं प्रशिक्षण टीव्हीवर बघतात. घरात इंटरनेट घेतलेलं आहे, पण व्हिडिओ सलग चालेल तर शपथ! दोन वाक्यं झाली की शिकवणाऱ्या बाई तोंड उघडं ठेवून थांबतात आणि पडद्यावर ते चक्र गरगर फिरत राहतं.

मी असतानाच त्यांची बैठक झाली. नवा राउटर आणि मोठा प्लॅन घ्यायचा, त्यासाठी गटातून ४,००० रुपये काढायचे, असं ठरत होतं. त्याच बैठकीत एका ताईंनी मुलाच्या फीसाठी कर्ज मागितलं होतं. शिल्लक दोन्हीला पुरणार नव्हती, म्हणून त्या बिचाऱ्या "माझं पुढच्या महिन्यात बघा" म्हणून गप्प बसल्या.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वन्सं, ठराव आठवडाभर थांबवा. बिघाड कुठं आहे ते कळल्याशिवाय पैसे कशाला घालायचे?"

"वहिनी, तुम्हाला यातलं कळतं?"

"सगळं नाही कळत. पण शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नसेल तर आपण लगेच नवी मोटार आणतो का? पाट कुठं फुटलाय ते आधी बघतो."

त्या आठवड्यात आम्ही जे केलं तोच आजचा पाठ.

पाणी कुठून कुठं जातं

बाहेरून घरात काचेची केसासारखी बारीक तार येते, तिला फायबर म्हणतात. ती एका छोट्या डब्यात शिरते. तिथून राउटरला जोडणी असते. बऱ्याच घरी हे दोन्ही एकाच डब्यात असतात. राउटरमधून इंटरनेट पुढं दोन वाटांनी जातं : वायरनं किंवा वायफायनं, म्हणजे हवेतून. शेवटी टीव्ही किंवा मोबाइल. या वाटेत कुठंही गळती असली तरी पडद्यावर दिसतं एकच, व्हिडिओ अडखळतो. म्हणून एकेक टप्पा वेगळा करून बघायचा.

तपासणी पहिली : बिघाड घरात की बाहेर?

घरातले बाकीचे मोबाइल, टीव्ही बंद करा. एक मोबाइल घेऊन राउटरपासून दोन हातांवर उभ्या राहा. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून फक्त वायफाय चालू ठेवा, नाहीतर आकडा भलत्याच लाइनचा येईल. मग वेग मोजायचं ॲप उघडा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, म्हणजे ट्रायचं, 'मायस्पीड' ॲप त्यासाठी आहे.

वन्संचा प्लॅन ४० एमबीपीएसचा. राउटरजवळ आकडा आला ३७. व्हिडिओला किती लागतो? यूट्यूबवर अगदी स्वच्छ चित्राला, म्हणजे १०८०ला, साधारण ५ एमबीपीएस. ७२०ला अडीच आणि ४८०ला १.१. म्हणजे लाइनमध्ये हवं त्याच्या सातपट पाणी होतं. मग टीव्हीवर मोजलं, तर कधी ३, कधी १, कधी शून्य!

इथंच अर्धं उत्तर मिळालं. विहिरीत पाणी आहे, पाट फुटलाय. अशा वेळी मोठा प्लॅन घेतला असता तरी टीव्हीवर काही फरक पडला नसता.

तपासणी दुसरी : वायर

वन्संचा टीव्ही वायरनं जोडलेला होता. ती वायर हातात धरून आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. लोखंडी कॉटचा पाय नेमका तिच्यावर! वायर चपटी झालेली. टोकाच्या प्लगची प्लास्टिकची जीभ तुटलेली, म्हणून तो सैल बसत होता.

या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. एखादी तार आत अर्धवट तुटली तरी राउटरवरचा दिवा लुकलुकत राहतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. व्हिडिओ लहान लहान पुडक्यांनी येतो. वाटेत पुडकी हरवली की ती पुन्हा मागवावी लागतात, तोवर चित्र थांबतं.

आम्ही लगेच नवी वायर आणली नाही. शेजारणीची तासभर मागून घेतली आणि जमिनीवरून टाकून बघितली. टीव्हीवर आकडा ३६. तेव्हा खात्री पटली. मग १० मीटरची तयार वायर २५० रुपयांना आणली आणि भिंतीच्या कडेनं नेली. लक्षात ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भाजी बिघडली म्हणून मीठ, तिखट, तेल सगळं एकदम बदललं तर कशानं बिघडली होती ते कधीच कळत नाही.

काचेच्या तारेला मात्र हात लावू नका. ती काटकोनात दुमडायची नाही, खिळ्याला करकचून बांधायची नाही, आणि तुटलेल्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला तर बाहेरून प्रकाशच येत नाही असं समजा आणि लाइनवाल्याला बोलवा.

तपासणी तिसरी : वायफाय

टीव्ही सुरळीत झाला, पण वन्सं स्वयंपाकघरातून मोबाइलवर ऑनलाइन बैठकीला बसल्या की आवाज तुटायचा. "आता हे काय? सिनेमा तर चालतो की!"

याचं कारण सोपं आहे. सिनेमा आधीच थोडा पुढचा भाग साठवून ठेवतो. कणगीत धान्य असलं की दोन दिवस गिरणी बंद असली तरी निभतं. समोरासमोरची बैठक मात्र रोजच्या मजुरीसारखी, साठा नाही, खाडा झाला की लगेच दिसतो. म्हणून सिनेमा नीट पण बैठक तुटक असेल तर वायफायकडं बघा.

राउटर लोखंडी कपाटामागं कोपऱ्यात होता. लोखंड वायफाय अडवतं. स्वयंपाकघराच्या वाटेत पाण्याचा भरलेला पिंप, आणि पाणी वायफाय शोषून घेतं. त्यात चाळीतली वस्ती दाट, मोबाइलवर शेजाऱ्यांची वीसेक वायफाय नावं दिसत होती. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांना न भिडणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११. म्हणजे तीन नळ आणि वीस घरांचे हंडे! ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाटा जास्त आणि वेगही जास्त, पण भिंतीपलीकडं तो लवकर क्षीण होतो. (मोबाइलच्या फाइव्ह-जीशी याचा काही संबंध नाही.)

आम्ही राउटर कपाटामागून काढून मधल्या दाराजवळ उंचावर, मोकळा ठेवला. मोबाइल ५च्या नावाला जोडला. आवाज तुटायचा थांबला.

गावाकडं उलटं असतं. शेजाऱ्यांची गर्दी नाही, पण दगडमातीच्या जाड भिंती आणि पत्र्याचे आडोसे आहेत. तिथं २.४चा पट्टा लांब पोचतो. तरी तीन भिंतींपलीकडं बसून बैठक करण्यापेक्षा राउटरच्या खोलीत येऊन बसलेलं बरं.

तपासणी चौथी : उष्णता आणि वीज

वन्संनी राउटरवर क्रोशाचा सुंदर रुमाल घातला होता. मी काढला तेव्हा डबा चांगलाच तापलेला होता. त्याची भोकं श्वास घेण्यासाठी असतात. फार तापला की तो मंदावतो किंवा आपोआप बंद होऊन चालू होतो. रुमाल आता टेबलावर आहे.

राउटरचा ॲडॅप्टर बदलला असेल तर त्यावरचं लिखाण वाचा. व्होल्ट राउटरवर लिहिलेत तितकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त, आणि पिनेची अधिक-उण्याची खूणही जुळायला हवी. 'पिन बसते ना?' एवढं पुरत नाही.

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू केला तर पुष्कळदा बरं वाटतं. पण रोज करावं लागत असेल तर दुखणं आत आहे. आणि टाचणीनं दाबायचं बारीक 'रीसेट' बटण दाबू नका, सगळी जोडणी पुसली जाते.

तपासणी पाचवी : नोंदी

आपल्या पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र नियमित नोंदी. तेच इथं कामी आलं. वन्संनी सात दिवस वहीत लिहिलं : तारीख, वेळ, राउटरजवळचा आकडा, टीव्हीवरचा आकडा. दुपारी ३७-३८, पण रात्री ९ ते ११ राउटरजवळच ६-७. म्हणजे हा भाग घराबाहेरचा, लाइनवरच्या गर्दीचा. तो आपल्या हातून सुटणार नाही, पण वही दाखवून तक्रार करता येते. तक्रारीचा नंबर मागून घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं, तिथं हा नंबर लागतो. २०२३ पासून आपल्या देशात किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात, हेही ठाऊक असू द्या.

रात्रीचा प्रश्न मी निघेपर्यंत सुटला नव्हता. गटानं तोवर प्रशिक्षण दुपारी ३ वाजता ठेवलं. एकूण खर्च २५० रुपये. ४,००० चा ठराव रद्द झाला आणि फीचं कर्ज त्याच महिन्यात मंजूर झालं. सही करताना त्या ताई मला म्हणाल्या, "वायरीनं माझ्या पोराची फी भरली म्हणायची!"

पुढच्या बैठकीत करून बघा

१. ज्या घरी किंवा ग्रामपंचायतीत वायफाय आहे तिथं राउटरजवळ, पुढच्या खोलीत आणि अंगणात वेग मोजा. आकडे किती बदलले? मध्ये काय काय आडवं आलं?

२. प्लॅन ४० एमबीपीएसचा. राउटरजवळ ३८, टीव्हीवर २. मोठा प्लॅन घ्यावा का? का नको?

३. राउटरजवळच ५ येतात, तेही दिवसभर. आता कोणाकडं जायचं आणि सोबत काय न्यायचं?

४. गटानं मागच्या वर्षी कोणती वस्तू बिघाड न शोधताच बदलली? तिचे पैसे कशाला उपयोगी पडले असते?