यंत्राचे अनुमान आणि वैद्याची नोंद

गेल्या वर्षी डेटा सायन्स या विषयात पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी माझ्या चिकित्सालयात आली. ती माझ्या एका जुन्या रुग्णाची कन्या. आमवाताच्या रुग्णांच्या नोंदी संशोधनासाठी मिळाव्यात, अशी तिची विनंती होती. ज्या रुग्णांनी संमती दिली, त्यांचे केसपेपर नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक वगळून मी तिच्या स्वाधीन केले. इतक्या वर्षांची टिपणे कोणाच्या तरी उपयोगी पडणार, याचा मनातून थोडा अभिमानही वाटला.

काही आठवड्यांनी ती प्राथमिक निष्कर्ष घेऊन आली. ज्या रुग्णांना बस्ती दिला होता, त्यांना केवळ शमन औषधे घेणाऱ्या रुग्णांपेक्षा कमी उपशय मिळाला, असे संगणक सांगत होता. "हे शक्य नाही," मी म्हणालो. तिने शांतपणे विचारले, "सर, बस्ती आपण कोणाला देत होता?" उत्तर उघड होते. शमनाने न हटणारा, जीर्ण, शोथ व स्तब्धता अधिक असलेला जो रुग्ण, त्यालाच. "मग व्याधीचे बल केसपेपरवर कोठे लिहिले आहे?" या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते माझ्या डोक्यात होते, कागदावर नव्हते.

आज रोगाचे भाकीत करणारी, प्रकृती सांगणारी, औषध सुचवणारी संगणकीय साधने आपल्या दारापर्यंत आली आहेत. त्यांच्याविषयी काहींना अवास्तव श्रद्धा आहे, तर काहींना सरसकट तिटकारा. या दोन्हींपेक्षा त्यांची कार्यपद्धती समजून घेणे वैद्यास अधिक हितकर आहे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

भाकीत करणारे मॉडेल म्हणजे काय?

मशीन लर्निंगमध्ये संगणकास नियम शिकवले जात नाहीत, उदाहरणे दिली जातात. प्रत्येक रुग्णाचे वय, लक्षणे, तपासण्या ही एका बाजूस आणि त्याचे पुढे काय झाले हे दुसऱ्या बाजूस, अशा हजारो नोंदी त्यास पुरवल्या की या दोहोंमधील साहचर्य तो गणिताने शोधतो. या साहचर्याच्या मांडणीस मॉडेल म्हणतात. नवा रुग्ण आला की ते मॉडेल त्याच्याविषयी भाकीत करते.

मॉडेलची परीक्षा घेण्याचा एक नियम आहे. उपलब्ध नोंदींचे दोन भाग करतात. एका भागावर मॉडेल शिकते आणि दुसऱ्या, त्याने कधी न पाहिलेल्या भागावर त्याची परीक्षा होते. ज्या नोंदींवर शिकवले त्यांवरच परीक्षा घेतली, तर ते फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर गुण मिळवण्यासारखे होय. कोणी आपल्याला 'आमचे यंत्र इतके टक्के अचूक आहे' असे सांगितले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की, ही अचूकता कोणत्या रुग्णांवर मोजली?

पिट्सबर्ग येथील न्यूमोनियाचे उदाहरण

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातील आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास तेथे एक संशोधन प्रकल्प सुरू होता. न्यूमोनियाच्या रुग्णास मृत्यूचा धोका किती आहे याचे भाकीत करावे, धोका अधिक असल्यास रुग्णालयात दाखल करावे आणि कमी असल्यास घरी ठेवून उपचार करावेत, असा त्याचा उद्देश होता. त्यासाठी ७८ रुग्णालयांतील १४,१९९ रुग्णांच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्यांपैकी सुमारे ११ टक्के रुग्ण दगावले होते.

या कामात रिच कारुआना हे कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी. करणारे विद्यार्थी सहभागी होते. १९९७ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय 'मल्टिटास्क लर्निंग' हा होता. एकाच वेळी अनेक परस्परसंबद्ध गोष्टी शिकवल्या तर यंत्र मुख्य गोष्टही अधिक चांगली शिकते, असा त्याचा आशय. न्यूमोनियाच्या बाबतीत त्यांनी एक युक्ती केली. रक्ताच्या काही तपासण्यांचे निकाल रुग्ण दाखल झाल्यानंतरच हाती येतात, त्यामुळे प्रवेशसमयी भाकीत करताना त्यांचा उपयोग नाही. परंतु जुन्या नोंदींत ते असतात. शिकवताना यंत्राने मृत्यूबरोबरच या तपासण्यांचेही भाकीत करावे, अशी योजना त्यांनी केली. नवशिक्या वैद्याने नाडी पाहून मत बांधावे आणि नंतर आलेल्या अहवालाशी ते ताडून पाहावे, तसाच हा प्रकार.

या प्रकल्पात न्यूरल नेटवर्क नावाच्या पद्धतीचे मॉडेल सर्वांत अचूक ठरले. त्याचा गुणांक ०.८६ होता, तर लॉजिस्टिक रिग्रेशन या जुन्या संख्याशास्त्रीय पद्धतीचा ०.७७. हा गुणांक असा समजावा: दगावलेला एक रुग्ण व वाचलेला एक रुग्ण अशी जोडी यदृच्छया घेतली, तर मॉडेल दगावलेल्यास अधिक धोका किती वेळा देते, याचे ते प्रमाण आहे. नाणेफेक केल्यास ०.५ येते आणि कधीच न चुकणाऱ्या मॉडेलचे १ येते.

असे असूनही ते अचूक मॉडेल रुग्णांवर वापरले गेले नाही. त्याचे कारण दुसऱ्या एका संशोधकाच्या कामातून पुढे आले. त्याच नोंदींवर त्याने नियम शोधणारी साधी पद्धत वापरली होती. तिने एक नियम काढला: रुग्णास दम्याचा पूर्वेतिहास असेल, तर न्यूमोनियाने मृत्यूचा धोका कमी असतो.

तमकश्वासाच्या रुग्णास न्यूमोनिया झाला तर कोणताही वैद्य अधिक सावध होईल. मग यंत्र उलटे का बोलले? चौकशीअंती उलगडा झाला की, दमा असलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांस तेथे बहुधा थेट अतिदक्षता विभागातच दाखल केले जाई. तेथील तत्पर उपचारांमुळे त्यांचे मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षाही कमी झाले होते. नोंदींत साहचर्य खरेच होते. यंत्र खोटे बोलत नव्हते. परंतु त्या भाकितावर विसंबून दम्याच्या रुग्णास घरी पाठवले असते, तर ज्या उपचारामुळे तो वाचत होता तोच उपचार त्यास नाकारला गेला असता.

साधा नियम वाचता आला म्हणून दोष सापडला. न्यूरल नेटवर्क वाचता येत नव्हते. त्याच्या पोटात हाच नियम असणार हे उघड होते, आणि असे आणखी किती नियम दडले आहेत हे सांगता येत नव्हते. म्हणून कमी अचूक परंतु उकलता येणारे मॉडेल अधिक सुरक्षित मानले गेले.

दोषाचे नाव आपल्या शास्त्रात आहे

हा दोष आपणांस नवा नाही. पदार्थविज्ञान शिकताना आपण सर्वांनी हेत्वाभास अभ्यासले आहेत. जेथे धूम तेथे अग्नी, ही व्याप्ती शुद्ध आहे. परंतु पर्वतावर अग्नी आहे म्हणून तेथे धूम असलाच पाहिजे, हे अनुमान सदोष आहे, कारण तप्त लोहगोलकात अग्नी असूनही धूर नसतो. धूर होण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. हा संयोग म्हणजे उपाधी. हेतू आणि साध्य यांच्यामध्ये ती लपलेली असते आणि ती ओळखली नाही तर अनुमान फसते.

पिट्सबर्गच्या उदाहरणात दमा हा हेतू, अल्प धोका हे साध्य आणि अतिदक्षता विभागातील उपचार ही उपाधी. माझ्या आमवाताच्या नोंदींत बस्ती हा हेतू, अल्प उपशय हे साध्य आणि व्याधीचे अधिक बल ही उपाधी. दोन्हीकडे दोष एकाच जातीचा आहे, आणि दोन्हीकडे उपाधी नोंदीत लिहिलेली नव्हती.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान यांबरोबर युक्ती हे प्रमाण सांगितले आहे. अनेक कारणांच्या योगाने होणारे कार्य जाणणारी बुद्धी ती युक्ती. मॉडेल साहचर्य शोधते. ते साहचर्य कशामुळे आहे आणि उपचार बदलला तर ते टिकेल काय, हे ठरवण्याचे काम अजून युक्तीचेच आहे.

वीस वर्षांनंतर

कारुआना यांनी हा प्रश्न सोडला नाही. २०१५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या त्याच नोंदींवर नवे काम प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेल्या मॉडेलमध्ये प्रत्येक घटकाचा धोक्यावर होणारा परिणाम स्वतंत्र आलेखाच्या रूपाने पाहता येतो. वयाचा आलेख वेगळा, रक्तातील घटकांचा वेगळा, दम्याचा वेगळा. दम्याचा तो उलटा परिणाम त्यांत पुन्हा दिसला. या वेळी मात्र तो डोळ्यांसमोर होता आणि तज्ज्ञ वैद्यास तो दुरुस्त करता येत होता. विशेष म्हणजे या उकलता येणाऱ्या मॉडेलची अचूकता गूढ मॉडेलांपेक्षा कमी नव्हती.

दम्याचा रकानाच काढून टाकावा, असे कोणास वाटेल. परंतु तसे केल्यास दम्याशी निगडित असलेली अन्य चिन्हे तोच चुकीचा परिणाम आपल्या अंगावर घेतात व दोष अदृश्य होतो. दोष लपवण्यापेक्षा तो दिसत राहिलेला बरा.

प्रकृतिपरीक्षण आणि मशीन लर्निंग

आपल्या शास्त्राच्या संदर्भातही असे काम झाले आहे. दिल्ली येथील सीएसआयआरच्या इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी या संस्थेत डॉ. मिताली मुखर्जी व डॉ. भावना प्राशर यांच्या गटाने प्रकृतीवर दीर्घकाळ संशोधन केले. २०१७ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पश्चिम भारतातील १४७ निरोगी व्यक्तींच्या शारीर व मानस लक्षणांच्या नोंदी घेतल्या होत्या. प्रकृतीचे नाव न सांगता संगणकाकडून त्यांचे गट पाडून घेतले, तेव्हा वात, पित्त व कफ यांना अनुरूप असे तीन गट आपोआप पडले. पुढे प्रकृती ओळखणारी मॉडेले तयार करून ती उत्तर भारतातील वेगळ्या जनसमूहावर तपासली गेली. ही गोष्ट आपणां सर्वांस आनंददायी आहे, यात शंका नाही.

तथापि, हे वाचताना एक तपशील विसरू नये. या १४७ व्यक्ती एकदोषप्रधान, अत्यंत स्पष्ट प्रकृतीच्या म्हणून निवडलेल्या होत्या. आपल्याकडे येणारे बहुसंख्य रुग्ण द्वंद्वज प्रकृतीचे असतात. तेथे यंत्राची परीक्षा स्वतंत्रपणे झाली पाहिजे. दुसरे असे की, प्रकृती ओळखण्यास शिकणारे यंत्र वैद्यांनी दिलेल्या निर्णयावरच शिकते. एकाच व्यक्तीस दोन वैद्य दोन प्रकृती सांगत असतील, तर यंत्र त्यांच्यातील मतभेदच शिकेल. मोबाइलवर वीस प्रश्न विचारून प्रकृती सांगणाऱ्या प्रत्येक साधनास हा निकष लावावा.

केसपेपर कसा असावा?

उद्याचा संशोधक आपल्या नोंदींवरच यंत्र शिकवणार आहे. जे आपण लिहिले नाही ते त्याच्या दृष्टीने घडलेच नाही. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येकाने आपल्या चिकित्सालयात आजपासून सुरू कराव्यात, असे सुचवावेसे वाटते.

१. व्याधीचे बल प्रथम भेटीतच ठराविक मापाने लिहावे. वेदना, शोथ, स्तब्धता यांस शून्य ते तीन असे अंक दिले तरी पुरे. तोच मापदंड प्रत्येक भेटीत वापरावा.

२. उपचार का निवडला, हे एका ओळीत लिहावे. 'जीर्ण, शमनाने उपशय नाही, म्हणून बस्ती' एवढ्या शब्दांत उपाधी उघड होते.

३. पुन्हा न आलेला रुग्ण बरा झाला असे गृहीत धरू नये. तो बरा झाला, गाव सोडून गेला की दुसऱ्या वैद्याकडे गेला, हे दूरध्वनी करून विचारावे. कळले नाही तर 'अज्ञात' असे लिहावे.

४. रुग्ण घेत असलेली अन्य पद्धतींची औषधे अवश्य नोंदवावीत.

५. रोगाचे नाव प्रमाणित संज्ञेने लिहावे. आयुष मंत्रालयाच्या नमस्ते पोर्टलवर संज्ञा व सांकेतांक दिलेले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आयसीडी–११ या रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी संज्ञांचा विभागही आणला आहे.

६. रुग्णाची संमती लेखी घ्यावी आणि ओळख पटेल असा तपशील कोणासही देऊ नये.

औषधविक्रेत्यांसाठी

हेच तत्त्व औषधालयासही लागू पडते. कोणत्या महिन्यात किती माल मागवावा हे सांगणारे मॉडेल विक्रीच्या नोंदींवर शिकते. परंतु विक्री म्हणजे मागणी नव्हे. समजा, ऐन थंडीत दहा दिवस सितोपलादी चूर्ण दुकानात शिल्लकच नव्हते. विक्रीच्या वहीत त्या दिवशी शून्य दिसेल आणि यंत्र समजेल की थंडीत त्यास मागणी नसते. पुढील वर्षी ते कमी माल सुचवेल व तुटवडा वाढेल. म्हणून माल संपल्याची तारीख आणि परत गेलेल्या ग्राहकाची मागणी वहीत लिहून ठेवावी.

तसेच प्रत्येक विक्रीसोबत बॅच क्रमांक नोंदवावा. एखाद्या रुग्णास औषधाने त्रास झाल्याचे कळले, तर बॅच क्रमांकाशिवाय तो त्रास द्रव्याचा, त्या विशिष्ट बॅचचा की चुकीच्या मात्रेचा हे ठरवता येत नाही. अशा घटना आयुष औषधांच्या फार्माकोव्हिजिलन्स केंद्रास कळवणे हे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.

उपसंहार

त्या विद्यार्थिनीने माझ्या नोंदी परत केल्या नाहीत, परंतु बस्तीविषयीचा निष्कर्ष प्रबंधातून वगळला. व्याधिबलाची नोंद नसल्याने तो काढता येत नाही, असे तिने तेथे स्पष्ट लिहिले. माझ्या जुन्या केसपेपरांचा त्या प्रश्नासाठी उपयोग झाला नाही, याचे वाईट वाटले. पण त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात व्याधिबलाचा एक चौकोन असतो आणि तो भरल्याखेरीज मी औषध लिहीत नाही. पुढील विद्यार्थी येईल तेव्हा बस्तीस न्याय मिळावा, एवढीच इच्छा आहे.