बारवेचं पोस्टर घेऊन निघालेल्या भाचीस

बाळ, परवा तुझी ‘आविष्कार’ची विद्यापीठ फेरी. कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने विद्यापीठांचं हे संशोधन संमेलन २००६ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून मी पोरांना तिथे नेत आले. म्हणून चार गोष्टी सांगते, ऐक.

तुझ्या पोस्टरसमोर कोण उभं राहील ते आपल्या हातात नाही. बारवांवर काम आहे म्हणून इतिहासवालेच येतील असं धरू नकोस. शेजारी कोणी औषधांचं मांडत असेल, पलीकडे कोणी जनावरांच्या चाऱ्याचं. त्यांच्यातलं कोणी तुझ्याकडे वळलं तर पहिल्या वाक्यात ‘यादवकालीन स्थापत्य’ नको. सांग, ‘मार्चमध्ये गावच्या विहिरी आटतात, पण या बारवेत मे महिन्यातही पाणी असतं. ते का, हे मी शोधतेय.’ माणूस थांबतो. मग काळ्या पाषाणाच्या भेगांत पाणी कसं साठतं तिथपासून शिलालेखापर्यंत हवं तिथे ने त्याला.

शब्दांना फार जप. ‘नमुना’ म्हटलं की भूगर्भवाल्याला दगडाचा तुकडा दिसतो, संख्याशास्त्रवाल्याला निवडलेली पन्नास घरं, आणि तुझ्या बाबांना तलाठ्याकडचा गाव नमुना सात. तिघेही माना डोलावतात आणि तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असतात. तुझ्या पोस्टरवर हा शब्द चार ठिकाणी आहे, मी मोजला. प्रत्येक ठिकाणी कशाचा नमुना ते लिही.

‘तुमचा विषय नेमका कोणता?’ असं परीक्षक विचारतीलच. तिथे गडबडू नकोस. दामोदर कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि जुनी आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तराजूत तोलायचे. हातोहात फिरून नाणं झिजतं, हलकं होतं, त्या झिजेवरून कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं हे ते ताडत. ताळा म्हणून त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीही तोलून पाहिली. ते गणित की इतिहास? प्रश्न एक होता, त्याला जे हत्यार लागलं ते त्यांनी उचललं. तूही प्रश्न सांग, विषयाचं नाव मागाहून. पण एक पथ्य पाळ. दुसऱ्याच्या शास्त्रातलं हत्यार उचललंस तर ते त्या शास्त्राच्या माणसाकडून तपासून घे. पाण्याच्या पातळीचे तुझे आकडे कोणा भूजलवाल्याने पाहिलेत का? नसतील तर आज संध्याकाळीच फोन कर.

आता कामाचं. मराठी मजकूर युनिकोडमध्ये ठेव आणि पीडीएफ करूनच ने. एका परिषदेत माझा अख्खा निबंध जुन्या फॉन्टमुळे पडद्यावर चौकोन होऊन उमटला होता. दहा मिनिटं मी तोंडी बोलले, आकडे मात्र एकही दाखवता आला नाही. पोस्टर चार हातांवरून वाचून बघ. बारवेचा उभा छेद मोठा कर, परिच्छेद निम्मे काप. पोस्टरमधून निवड झाली की व्यासपीठावर बोलायचं असतं, ते घड्याळ लावून आईसमोर तीनदा बोल. आईला कळलं नाही ते वाक्य बदल.

स्वतःचं झालं की मैत्रिणींच्या घोळक्यात बसू नकोस. ज्या गटातलं तुला ओ की ठो कळत नाही तिथे जा, एका पोस्टरपुढे पंधरा मिनिटं उभी राहा आणि विचार, ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ बारवेच्या चुन्याच्या दरजांचं वय काढणारं कोणी तिथेच भेटायचं.

उत्तर येत नसेल तर ‘हे मी पाहिलेलं नाही’ म्हण आणि प्रश्न त्यांच्यादेखत वहीत उतरव. विचारणाऱ्याचं नाव आणि विभागही लिही. बसचं तिकीट त्याच वहीत ठेव, प्रवासभत्त्याला लागतं. वही निळी घे, जाड पुठ्ठ्याची. उभ्याउभ्या लिहिता येतं. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक कोरी आहे.