सोनेगाव विमानतळ : कुंपणाच्या आत आणि बाहेर

भारताच्या नकाशावर दिल्लीपासून चेन्नईपर्यंत एक आणि मुंबईपासून कोलकात्यापर्यंत दुसरी अशा दोन रेषा आखल्या, तर त्या जेथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूच्या अगदी जवळ नागपूर शहर येते. या भौगोलिक स्थानाचा पहिला मोठा लाभ मिळाला तो टपालाला. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. ऑक्टोबर १९७३ पर्यंत हा क्रम चालू होता. एका विमानाला विलंब झाला की त्याची झळ इतर तिन्ही शहरांच्या टपालास बसे. देशाच्या पत्रव्यवहाराची नाडी जणू रोज रात्री काही काळ सोनेगावला तपासली जात होती.

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन असे की, एखाद्या विमानतळाची उपयुक्तता केवळ तेथून चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रवाशांच्या संख्येवरून मोजणे अपुरे ठरते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७-१८ च्या सुमारास, लष्करी गरजेतून निर्माण झालेल्या या तळाने दुसऱ्या महायुद्धातही सेवा बजावली. आज तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ या नावाने ओळखला जातो. त्याच्या विस्ताराचे नवे पर्व सुरू झाले असून त्याचा संबंध नागपूर शहराइतकाच भोवतालच्या गावांशीही आहे.

नागपूरच्या आकाशातून देशाच्या चारही दिशांना जाणारे हवाई मार्ग जातात. ज्या विमानांचा नागपूरशी काहीही संबंध नाही, त्यांनाही संकटप्रसंगी येथील धावपट्टीचाच आधार वाटतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याकडे निघालेल्या एका बांगलादेशी विमानाच्या वैमानिकास उड्डाणातच हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान नागपूरला सुरक्षित उतरविले आणि शंभराहून अधिक प्रवाशांचे प्राण वाचले. वैमानिकाचे मात्र पुढे नागपूरच्या रुग्णालयात निधन झाले. अशा वेळी नियंत्रण कक्ष, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि शहरातील रुग्णालय ही साखळी काही मिनिटांत जुळावी लागते. विमानतळाच्या ‘सेवा’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा वातानुकूलित प्रतीक्षागृह येते. ही दुसरी सेवा सहसा आठवत नाही.

धावपट्टीचा हिशेब

सोनेगावच्या मुख्य धावपट्टीची लांबी ३,२०० मीटर आहे. एवढी लांबी कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर नागपूरच्या उन्हाळ्यात दडलेले आहे. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना मिळणारा आधार घटतो, इंजिनाची शक्तीही कमी होते आणि जमीन सोडण्यासाठी विमानाला अधिक अंतर धावावे लागते.

यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर एक ढोबळ सूत्र वापरले जाते. समुद्रसपाटीला आणि १५ अंश सेल्सिअस तापमानाला आवश्यक असलेली लांबी प्रथम धरावयाची. मग समुद्रसपाटीपासूनच्या प्रत्येक ३०० मीटर उंचीमागे तीत ७ टक्के आणि त्या उंचीवरील प्रमाणित तापमानापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशामागे १ टक्का वाढ करावयाची. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे उंचीपोटी साधारण ७ टक्के वाढ झाली. त्या उंचीवरील प्रमाणित तापमान सुमारे १३ अंश, तर मे महिन्यातील दैनंदिन कमाल तापमानाची सरासरी ४२-४३ अंशांच्या घरात. म्हणजे आणखी सुमारे ३० टक्के. कागदावर २,००० मीटर लागणारी धावपट्टी नागपूरच्या मे महिन्यात २,७८० मीटरच्या आसपास जाऊन पोहोचते. वाढ इतकी मोठी असली की प्रत्येक विमानप्रकाराचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. तथापि शेकडेवारी शिकविताना हे उदाहरण शिक्षकांनी फळ्यावर अवश्य मांडावे. गुरे आणि कुरणाच्या जुन्या उदाहरणापेक्षा ते मुलांच्या अधिक लक्षात राहील.

विस्ताराची वाटचाल

राज्य शासनाने २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना केली आणि ‘मिहान’ प्रकल्पाची आखणी झाली. विमानतळ, मालवाहतूक केंद्र आणि विशेष आर्थिक क्षेत्र ही एकमेकांच्या आधाराने वाढावीत, अशी त्यामागील कल्पना होती. एप्रिल २००८ मध्ये नवी प्रवासी इमारत खुली झाली. २००९ मध्ये राज्याच्या कंपनीचा ५१ टक्के व भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ४९ टक्के वाटा असलेली संयुक्त कंपनी स्थापन होऊन विमानतळाचा कारभार तिच्याकडे आला. २०१५ मध्ये नागपूर-दोहा सेवा सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये मेट्रो रेल्वे सुरू झाल्याने विमानतळ सीताबर्डीशी रुळांनी जोडला गेला.

पुढील विस्तारासाठी खाजगी भागीदार निवडण्याची प्रक्रिया मात्र न्यायालयात गेली. २०१९ मध्ये जीएमआर समूहाची निवड झाली. २०२० मध्ये ती प्रक्रिया रद्द करण्यात आली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. अखेर ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे सुमारे ७,००० कोटी रुपये खर्चाच्या विस्तारकामाचे भूमिपूजन झाले. मधली वर्षे गेली ती गेलीच.

या सर्व घडामोडींत सर्वांत कमी चर्चा झालेली आणि माझ्या मते सर्वांत मोलाची सेवा म्हणजे विमानांची देखभाल व दुरुस्ती. बोईंग कंपनीने मिहान परिसरात सुमारे ५० एकर जागेवर एअर इंडियासाठी बांधलेले दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये कार्यान्वित झाले. ठरावीक उड्डाण-तासांनंतर प्रत्येक विमानाची तपासणी करणे बंधनकारक असते. मोठ्या तपासणीत विमानाचे बहुतेक भाग उघडून, तपासून पुन्हा जोडले जातात. हे काम कुशल हातांचे आहे आणि ते वर्षभर चालते. विमान देखभाल अभियंता होण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेला विद्यार्थी मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेऊ शकतो. हिंगणा, कामठी वा उमरेडच्या कनिष्ठ महाविद्यालयातील किती मुलांना ही माहिती वेळेवर मिळते? विज्ञान शाखेच्या शिक्षकांनी दहावीच्या निकालानंतर नव्हे, नववीतच ती द्यावयास हवी.

संत्र्याविषयी दोन शब्द. नागपूरच्या विमानतळाचा विषय निघाला की संत्री विमानाने परदेशी जातील, असे आशावादी वाक्य प्रत्येक भाषणात येते. वस्तुस्थिती अशी की, नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक बांगलादेश असून तेथे माल ट्रकने जात आला आहे. वजनाने जड आणि किलोमागे भावाने बेताचे असलेले फळ हवाई भाड्याचा भार क्वचितच सोसू शकते. हवाई मार्गाने परवडतो तो हलका आणि मौल्यवान माल. औषधे, यंत्रांचे सुटे भाग, इलेक्ट्रॉनिक उपकरणे ही त्याची उदाहरणे होत. संत्रा उत्पादकाचा प्रश्न विमानतळापेक्षा शीतगृह, प्रतवारी आणि आयात शुल्क यांच्याशी अधिक निगडित आहे, हे स्पष्टपणे सांगणे त्याच्या हिताचे होईल.

पक्षी, कचरा आणि इमारती

येथवर वर्णन केलेले सारे काम कुंपणाच्या आत चालते. परंतु धावपट्टी कितीही उत्तम बांधली तरी तिची सुरक्षितता बऱ्याच अंशी कुंपणाबाहेरच्या वर्तनावर अवलंबून असते. २ सप्टेंबर २०२५ रोजी नागपूरहून कोलकात्यास निघालेल्या विमानावर उड्डाणानंतर लगेच पक्षी आदळला. विमानाच्या पुढील भागाची हानी झाली व ते परत आणावे लागले. सुदैवाने सर्व प्रवासी सुखरूप उतरले.

एवढासा पक्षी आणि एवढे मोठे विमान, असा विचार साहजिकपणे मनात येतो. त्याचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानावर एक किलो वजनाचा पक्षी आदळला, तर त्या आघाताची ऊर्जा सुमारे २,४०० ज्यूल होते. सिमेंटचे ५० किलोंचे पोते पाच मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या आसपासच्या उंचीवरून खाली टाकले असता जेवढी ऊर्जा निर्माण होते, तेवढीच ही ऊर्जा. ती इंजिनाच्या फिरत्या पात्यांवर आली तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

घारी, बगळे, टिटव्या हे पक्षी विमानतळाकडे विनाकारण येत नाहीत. पहिल्या पावसानंतर गवतात किडे व गांडुळे होतात. टिटवी तर उघड्या माळावरच अंडी घालते. विमानतळाच्या आतील गवत व किडे यांचा बंदोबस्त तेथील यंत्रणा करते. परंतु घारींना ओढून आणणारे आकर्षण बहुतांशी बाहेर असते. मांसविक्रीच्या दुकानांमागील टाकाऊ अवशेष, रस्त्याकडेचे उकिरडे, उपाहारगृहांचे खरकटे, उघड्यावर टाकलेली मृत जनावरे ही त्याची कारणे. १९३७ च्या विमान नियमावलीतील ९१ व्या नियमाने विमानतळाच्या मध्यबिंदूपासून १० किलोमीटरच्या परिघात जनावरांची कत्तल करणे, ती सोलणे आणि पक्ष्यांना आकर्षित करील असा कचरा टाकणे यांस मनाई केली, ती याच कारणाने. दहा किलोमीटरच्या या वर्तुळात महानगरपालिकेच्या वस्त्यांप्रमाणेच ग्रामीण भागही येतो. ग्रामपंचायतीची कचरागाडी शेवटी कोठे रिकामी होते, हा प्रश्न त्यामुळे केवळ स्वच्छतेचा राहत नाही.

दुसरी बाब बांधकामाच्या उंचीची. उतरणाऱ्या विमानाचा मार्ग साधारण तीन अंशांच्या कोनात असतो. म्हणजे विमान धावपट्टीवर जेथे टेकावयाचे त्या बिंदूपासून एक किलोमीटरवर ते सुमारे ५२ मीटर उंचीवर असते. सुरक्षिततेसाठी या मार्गाच्या खाली आणखी एक काल्पनिक उतार धरला जातो. उपकरणांच्या साह्याने विमान उतरविण्याची सोय असलेल्या धावपट्टीसाठी तो पन्नासास एक या प्रमाणात चढत जातो. त्यामुळे एक किलोमीटरवर जेमतेम २० मीटर आणि तीन किलोमीटरवर सुमारे ६० मीटर एवढीच मर्यादा उरते. ही उंची धावपट्टीच्या पातळीपासून मोजली जाते, भूखंडाच्या जमिनीपासून नव्हे, हे विशेष लक्षात घ्यावे. टेकाडावरील भूखंडास प्रत्यक्षात मिळणारी उंची त्याहून कमी असते. पाण्याची टाकी, मोबाइल मनोरा, जाहिरातीचा फलक, इतकेच काय पण उंच वाढलेली झाडेही या हिशेबात येतात. २०१५ च्या उंची निर्बंध नियमांनुसार तयार झालेल्या रंगीत नकाशांवरून कोणत्या भागात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्थेस परस्पर परवानगी देता येते आणि कोठे विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे कळते. हा नकाशा ग्रामसेवकाच्या टेबलावर असलाच पाहिजे. बांधकाम पूर्ण झाल्यावर वरचा मजला पाडण्याची नोटीस येते, तेव्हा नुकसान होते ते कर्ज काढून घर बांधणाऱ्याचे.

अलीकडे शेतात फवारणीसाठी ड्रोन वापरण्याचा प्रघात वाढत आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी विमानतळाभोवतालच्या आकाशाचे क्षेत्रवार विभाग पाडले असून त्यातील काही भागांत पूर्वपरवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. फवारणीची सेवा देणाऱ्या गटाने शेत कोणत्या क्षेत्रात येते, हे उड्डाणापूर्वी अधिकृत नकाशावर पाहून घेणे आवश्यक आहे. लग्नसमारंभात आकाशाकडे सोडल्या जाणाऱ्या लेसर झोतांबाबतही तितकीच दक्षता हवी. उतरत्या विमानाच्या वैमानिकाचे डोळे क्षणभर दिपले तरी तो क्षण फार महागाचा ठरू शकतो.

जमिनीचा प्रश्न

आता विस्ताराची सर्वांत नाजूक बाजू. मिहानसाठी शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव या गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. नियोजित आराखड्यात सध्याच्या धावपट्टीला समांतर अशी ४,००० मीटर लांबीची दुसरी धावपट्टी आहे. शिवणगावचे पुनर्वसन चिंचभवन येथे करण्याचे ठरले आणि ते अनेक वर्षे रेंगाळले. ज्याची जमीन जाते त्या कुटुंबाला मोबदल्याचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकाच तो केव्हा मिळतो हेही महत्त्वाचे असते. दहा वर्षांनी हातात पडलेल्या रकमेतून त्याच्या शेजारची शेती विकत घेता येत नाही, कारण प्रकल्पामुळे तिचाही भाव दरम्यान चढलेला असतो. शिवाय शेतमजूर, पशुपालक, गावातील छोटे कारागीर यांच्या नावे सात-बारा नसतो. त्यांची नोंद भूसंपादनाच्या कागदांत शोधूनही सापडत नाही.

यासाठी बाधित गावांच्या ग्रामपंचायतींनी आपल्या दप्तरात तीन बाबी स्वतंत्रपणे लिहून ठेवणे उपयुक्त ठरेल. जमीन गेलेल्या प्रत्येक कुटुंबास मिळालेला मोबदला व त्याची तारीख, पुनर्वसन वसाहतीत मिळालेल्या भूखंडाचा क्रमांक व त्याची मालकी नावावर झाली किंवा नाही, आणि जमीन नसलेल्या कुटुंबांतील किती तरुणांना प्रकल्पात वा दुरुस्ती केंद्रात काम मिळाले याची यादी. दुसऱ्या धावपट्टीच्या बैठकीस जिल्हाधिकाऱ्यांसमोर बसताना सरपंचाच्या हाती ही नोंदवही असली, तर बोलणे तोंडी आश्वासनांवर थांबणार नाही.