शिष्यवृत्ती की मोठं नाव?

एम.एस.साठी मला अमेरिकेतून दोन पत्रं आली. एक नामांकित विद्यापीठाचं, पण मदत एका पैशाची नाही. दुसरं कमी गाजलेल्या विद्यापीठाचं. फी पूर्ण माफ, शिवाय असिस्टंटशिपचे दरमहा पैसे. हॉस्टेलवर सगळे म्हणाले, "अरे, नाव बघ!" मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

कर्ज 40 लाख, व्याज 10 टक्के, मुदत 10 वर्षं. हप्ता येतो महिना सुमारे 52,860 रुपये. एकूण परतफेड 63 लाखांच्या वर. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. आणि तारण म्हणून बाबांचं घर!

अर्थात, फुकट मिळतंय म्हणून डोळे झाकून 'हो' म्हणू नये. मी तीन गोष्टी विचारल्या. मदत किती सेमिस्टर मिळणार? आठवड्याला काम किती तास? (एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर 20 तासांची मर्यादा असते.) माझ्या विषयात संशोधन करणारे प्राध्यापक तिथे आहेत का? उत्तरं लेखी घेतली. घाईही केली नाही, कारण आर्थिक मदतीचा निर्णय कळवायला तिथली बरीच विद्यापीठं 15 एप्रिलपर्यंत वेळ देतात.

शेवटी दुसऱ्या पत्राला होकार कळवला. मोठं नाव हुकलं, याची थोडी हुरहुर आहे. पण घराची कागदपत्रं बाबांच्या कपाटातच राहिली.