कुलरवाल्याचे अनुभवाचे बोल

नागपुरात कामठी रोडला आतल्या गल्लीत माझी कुलर बनवायची शेड आहे. आयटीआयची पोरं काम शिकायला येतात आणि चहाच्या वेळी हमखास विचारतात, 'भाऊ, धंदा उभा करायला काय लागतं?' भांडवल लागतं हे त्यांनाही ठाऊक असतं. बाकीचं मी सांगतो ते असं.

1. देवावर भरवसा ठेवा, पण घेणेकऱ्याचा फोन उचला.

आमचा हंगाम होळी ते मृग, एवढाच. 2020 साली होळी झाली, शेडमध्ये छतापर्यंत कुलर रचले आणि 25 मार्चला कोरोनामुळे सगळा देश बंद झाला. पत्र्याचे, मोटारींचे, पंपांचे पैसे द्यायचे होते. दुकानदारांकडून येणं ठप्प. मी टेकडीच्या गणपतीला मानणारा माणूस, पण तेव्हा टेकडीचं देऊळही बंद होतं. घरच्या तसबिरीला हात जोडायचे आणि वही घेऊन बसायचं. एकेका घेणेकऱ्याला आपणहून फोन लावायचा: 'शेठ, पैसे बुडणार नाहीत, पण आज नाहीत.' कुणी मुदत दिली, कुणी आईबहिणीवरून ऐकवलं. तेही ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी पत्रा उधारीवर मिळाला तो या फोनांच्या जोरावर. गणपतीनं काय दिलं असं कुणी विचारलं, तर फोन लावायचं बळ दिलं, असं मी सांगतो.

2. गाडीचा अपघात झाला तरी बँकेचा हप्ता थांबवू नका.

हे मी शिकलो आमच्याच गावच्या प्यारे खान यांच्याकडे बघून. त्यांना आज सगळा महाराष्ट्र ओळखतो. राज्य अल्पसंख्याक आयोगाचे ते अध्यक्ष झाले. पण ताजबागजवळच्या झोपडपट्टीत वाढलेला, आईच्या छोट्या किराणा दुकानावर घर चाललेला आणि नागपूर स्टेशनबाहेर संत्री विकणारा हा पोरगा. पुढे ऑटो चालवला. 2004 मध्ये बँकेनं 11 लाखांचं कर्ज दिलं तेव्हा पहिला ट्रक आला. थोड्याच दिवसांत त्याला अपघात झाला. नातेवाईक म्हणाले, सोड हा नाद. त्यांनी ट्रक दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर काढला आणि कर्ज फेडलं. तिथून आजच्या अश्मी रोड कॅरिअर्स या वाहतूक कंपनीपर्यंतचा प्रवास झाला.

पण मला त्यांची खरी करामत वाटते ती भूतानची. अवजड यंत्रं पोचवायची होती आणि वाटेत एक कमान आडवी. माल उंच, कमान ठेंगणी. बड्या कंपन्यांनी हात वर केले. यांनी कमानीला धक्का न लावता परवानगी काढून तिच्याखालचा रस्ताच खोदून घेतला. शोध लावायला प्रयोगशाळा लागते असं समजणाऱ्या पोरांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. आणि लगेच दुसरी: 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात ऑक्सिजनसाठी माणसं वणवण फिरत होती, तेव्हा याच माणसानं चढ्या भाड्यानं टँकर मिळवून दवाखान्यांना ऑक्सिजन पोचवला. खर्च 85 लाखांच्या घरात गेला. सरकार पैसे द्यायला तयार होतं, त्यांनी घेतले नाहीत. रमजान सुरू होता; ही माझी जकात, म्हणाले. माझा देव वेगळा, त्यांचा वेगळा, पण श्रद्धेचा हिशोब असाही मांडता येतो हे मला तेव्हा कळलं.

3. गिऱ्हाईक कुरकुरतं तिथे कान द्या.

विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात. लोखंडी डबा, ओली फरशी, ओले हात, अर्थिंगचा पत्ता नाही. बाई पाणी भरते, पंप बंद पडलेला दिसतो, ती बाजूची ताटी काढून आत हात घालते. प्लग काढायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण नवतप्याच्या दुपारी घरात लेकरू रडत असताना ते कुणाच्या लक्षात राहतं? एक काकू म्हणाल्या, 'मला त्या डब्यात हात घालायची भीतीच वाटते.' घरी फ्रीजचं दार उघडलं, दिवा लागला, आणि त्या दाराचं बारकं बटण मला पहिल्यांदा नीट दिसलं. तेच उलटं वापरलं: ताटी जागेवरून हलली की कुलरचा वीजपुरवठा तुटतो. बटण पाण्यानं गंजायचं म्हणून वरच्या कोपऱ्यात, फवारा पोचणार नाही तिथे नेलं आणि त्यावर रबराची टोपी बसवली. किंमत थोडी वाढली. दुकानदार म्हणाले, 'याला कोण विचारतो?' काकूंच्या सगळ्या गल्लीनं विचारलं. अर्थिंग मात्र तरीही करूनच घ्या, हे मी प्रत्येक कुलरवर रंगानं लिहितो.

4. वय झालं म्हणू नका.

केशव विष्णू पेंढरकर नागपुरात किराणा दुकान चालवत. ते सोडून मुंबईला गेले, तिथेही लहानसहान धंदे केले, आणि 1952 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, परळच्या घरातल्या स्वयंपाकघरात विको सुरू केली. वज्रदंतीची पावडर मुलांना घेऊन दारोदार विकली. पुढे अबकारी खात्यानं यांच्या मालाला औषध मानायचं की सौंदर्यप्रसाधन, असा वाद काढला. तो खटला त्यांचे चिरंजीव गजाननराव यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला आणि जिंकला. माझ्या शेडमधला तिशीतला वेल्डर आता उशीर झाला म्हणतो, तेव्हा मला हसू येतं.

5. उधारी वहीत लिहा. मेहुण्याचीसुद्धा.

6. रिकामे महिने आधीच भरून ठेवा.

कुलर कोरड्या हवेवर चालतो. ताटीतलं पाणी हवेतली उष्णता घेऊन उडतं म्हणून गारवा येतो. जूनमध्ये ढग दाटले, हवा दमट झाली की पाणी उडत नाही, खोली नुसती चिकट होते आणि आठवडाभरात मागणी आटते. म्हणून त्याच पत्र्याच्या, त्याच वाकवायच्या मशीनवर पावसाळ्यात धान्याच्या कोठ्या बनवतो. सोयाबीनचा पैसा हाती आला की उमरेड-काटोलकडचे शेतकरी त्या घेऊन जातात. कोठीत सुटतं फार थोडं. पण पोरांचे पगार निघतात आणि फेब्रुवारीत नवा वेल्डर शोधत गावभर फिरावं लागत नाही.