गाभण जनावराचा आहार आणि वारेची जडणघडण

दुभत्या जनावराला पेंड आणि भाकड जनावराला उरलासुरला कडबा, अशी वैरणीची वाटणी आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वैरण अपुरी असली म्हणजे जे जनावर आज दूध देते त्याच्या दावणीत ती आधी पडते, हे वरवर पाहता व्यवहाराला धरूनच आहे. परंतु या भाकड जनावरांपैकी कित्येक गाभण असतात. पुढच्या वेताचे दूध आणि पुढच्या पिढीची कालवड त्यांच्याच पोटी आकार घेत असते. गर्भकाळाच्या पूर्वार्धात आहार कमी पडला, तर त्याचा आघात पुष्कळदा प्रथम गर्भावर न होता गर्भाला पोसणाऱ्या वारेवर होतो. ही हानी त्या वेळी डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तिची माहिती सर्वांना असणे आवश्यक आहे.

वारेचे कार्य

जनावर व्याल्यानंतर जी वार किंवा जार पडते, तिला आपण टाकाऊ वस्तू समजतो. वास्तविक गर्भकाळात तीच गर्भाचे फुप्फुस, आतडे आणि मूत्रपिंड यांचे काम करीत असते. गाय, म्हैस, मेंढी आणि शेळी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या गर्भाशयाच्या आतल्या बाजूस बटणासारखे मांसल उंचवटे असतात. वारेवरील गुच्छ या उंचवट्यांत घट्ट रुततात. अशा जोडांची संख्या गाईत साधारणतः ७५ ते १२० आणि मेंढीत ६० ते १०० असते. मातेचे व गर्भाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. या जोडांमधील पातळ पडद्यांतून प्राणवायू, साखर व इतर पोषक द्रव्ये गर्भाकडे जातात आणि गर्भाची निरुपयोगी द्रव्ये मातेकडे येतात. ज्याने अडकलेली वार पाहिली आहे, त्याला ही बटणे परिचयाची असतील.

आधी पाट, मग पाणी

वारेची वाढ आणि गर्भाची वाढ एकाच वेळी होत नाही, हा या विषयाचा गाभा आहे. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. त्यात वारेचे वजन ७५ ते ९० दिवसांपर्यंत जवळजवळ पूर्ण होते. याउलट कोकराचे दोन-तृतीयांशाहून अधिक वजन शेवटच्या सहा-सात आठवड्यांत वाढते. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० आणि म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो. गाईची वार अखेरपर्यंत थोडीफार वाढत राहते. तथापि तिचा पाया पूर्वार्धातच घातला जातो, आणि वासराचे निम्म्याहून अधिक वजन मात्र अखेरच्या दोन महिन्यांत भरते.

शेताला पाणी द्यावयाचे तर आधी पाट काढावा लागतो. पाटच अरुंद राहिला तर विहिरीला कितीही पाणी असले तरी पीक तहानलेलेच राहते. वारेचेही तसेच आहे. मेंढ्या फळण्यापूर्वी त्यांच्या गर्भाशयातील बरेचसे उंचवटे शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलियात १९६०च्या दशकात झाले. त्या मेंढ्यांची वार लहान राहिली आणि कोकरेही लहान जन्मली. उत्तरार्धात दिलेला खुराक गर्भापर्यंत किती पोहोचणार, हे बऱ्याच अंशी वारेच्या क्षमतेवर अवलंबून असते, ते असे.

कमी आहार, अति आहार आणि उष्मा

उपासमारीचा परिणाम सर्व जनावरांवर सारखा होत नाही. फळतेवेळी अंगावर पुरेसे मांस असलेल्या मेंढीला मधल्या काळात आहार थोडा कमी पडला, तर वार काही वेळा अधिक वाढून ती उणीव भरून काढू पाहते. मुळातच खंगलेल्या मेंढीजवळ अशी शिल्लक नसते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणूनच पोषणाचा विचार जनावर गाभण राहिल्यावर नव्हे, तर ते माजावर येण्यापूर्वीच सुरू झाला पाहिजे.

अति आहारही हितकारक नाही. अंगाची वाढ पूर्ण न झालेल्या कोवळ्या मेंढ्यांना गर्भकाळात भरपूर खुराक दिला असता, तो त्यांच्या स्वतःच्या वाढीत व चरबीत जातो, आणि वार व कोकरू दोन्ही लहान राहतात, असे स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील रोवेट संशोधन संस्थेच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. पाठी अथवा कालवड लवकर भरवून नंतर खुराकाने भरपाई करता येईल, हा समज त्यामुळे फोल ठरतो.

तिसरा शत्रू उष्मा होय. गर्भकाळाच्या मध्यात मेंढ्यांना दीर्घकाळ कडक उष्मा सोसावा लागल्यास गर्भाशयाकडे जाणारे रक्त कमी होते व वारेची वाढ खुंटते. आपल्याकडील परिस्थितीत याचे महत्त्व विशेष आहे. डिसेंबरात फळलेली म्हैस पुढील ऑक्टोबरात विते, म्हणजे तिच्या गर्भकाळाचा मध्य ऐन उन्हाळ्यात येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात फळलेल्या मेंढीचा गर्भकाळ रान वाळत जाते तसा पुढे सरकतो आणि ती एप्रिल-मेमध्ये विते. वैरणीची टंचाई, पाण्याचा तुटवडा आणि ऊन असे तिहेरी संकट वारेवर कोसळते.

जुळ्यांचा प्रश्न

फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेने बंगालमधील गरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. मेंढपाळाचे उत्पन्न वाढविणारी ही मोलाची कामगिरी आहे. मात्र पोटात दोन गर्भ असले म्हणजे उंचवटे दोघांत वाटले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतात. जोड आकाराने मोठे होतात, परंतु भरपाई पूर्ण होत नाही. अशा मेंढीला एकटे कोकरू देणाऱ्या मेंढीइतकाच चारा दिला, तर दुसरे कोकरू लाभाऐवजी भार ठरेल. सुधारित वाणाबरोबर सुधारित आहारही गेला पाहिजे.

जन्मानंतरचे परिणाम

लहान वारेवर वाढलेले पिलू वजनाने कमी भरते, थंडीत लवकर गारठते आणि त्याला उठून आचळ धरण्याची ताकद नसते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून पिलाकडे जात नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात, आणि तीही पहिल्या काही तासांतच उत्तम शोषली जातात. जे पिलू वेळेवर चीक पीत नाही, ते हगवण व फुप्फुसाच्या रोगांना बळी पडते. मृत्यूचे कारण हगवण असे नोंदले जाते, परंतु त्याचे मूळ कित्येक महिने आधीच्या रिकाम्या दावणीत असू शकते.

करावयाची उपाययोजना

१. माज दाखविण्यापूर्वी पाठीवरून व बरगड्यांवरून हात फिरवून जनावराची अंगस्थिती पाहावी. मणके टोकदार लागत असतील तर दोन-तीन आठवडे आधीपासून आहार सुधारावा.

२. रेतनाची तारीख लिहून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करून घ्यावी. गाभण म्हणून नोंद झालेल्या जनावरास भाकड समजू नये.

३. पूर्वार्धात नुसत्या कडब्यावर न ठेवता थोडी हिरवी वैरण अथवा सुबाभूळ, शेवरी यांचा पाला आणि क्षार मिश्रण द्यावे. केवळ उसाच्या वाढ्यावर जनावर ठेवू नये. त्यातील ऑक्झलेटमुळे शरीराला कॅल्शियम मिळेनासे होते.

४. गाय व म्हैस विण्यापूर्वी सुमारे ६० दिवस आटवावी आणि या काळात खुराक वाढवावा. मेंढी-शेळीलाही शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक द्यावा.

५. उन्हाळ्यात सावली व भरपूर पाणी यांची सोय करावी.

६. व्याल्यानंतर १२ तासांत वार न पडल्यास ती ओढू नये, तिला दगड किंवा जोडा बांधू नये. पशुवैद्यकास बोलवावे. वार उघड्या हातांनी हाताळू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये. खोल पुरावी. सांसर्गिक गर्भपाताचा रोग अशा मार्गाने माणसांनाही होतो.

गावाची जबाबदारी

टंचाईच्या काळात गावात चारा येतो तेव्हा त्याची वाटणी कोणत्या क्रमाने व्हावी, हे पंचायतीच्या हाती असते. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने गावातील गाभण जनावरांची यादी तयार ठेवली आणि चारा छावणीत त्यांना सावलीची जागा व वैरणीत अग्रक्रम दिला, तर अधिक खर्च न करताही पुढच्या वर्षीची हानी टळेल. रेतनाच्या तारखेवरून विण्याचा दिवस काढणे हे गणित शाळेतील मुलांना सहज करता येण्यासारखे आहे. शिक्षकांनी ते करून घेतल्यास ही नोंद घरोघरी पोहोचेल.

दुष्काळात मेलेली जनावरे मोजता येतात. जगलेल्या जनावरांच्या पोटात अपुरी राहिलेली वार कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. ती दोन-तीन वर्षांनी कमी दुधाच्या आणि उशिरा माजावर येणाऱ्या कालवडीच्या रूपाने समोर येते. आज दूध न देणाऱ्या गाभण गाईच्या दावणीत टाकलेली पेंडी म्हणूनच वाया गेलेली नसते.